पेरूचं आइस्क्रीम, वर तिखट-मीठ

आइस्क्रीमवर तिखट-मीठ भुरभुरून खायचं, असं सांगितलं की आमच्याकडे आलेला पाहुणा आधी वाटीकडे बघतो आणि मग माझ्याकडे. "थट्टा करताय ना वहिनी?" असंही एखादा विचारतो. मी काही बोलत नाही, नुसता चमचा पुढे करते. पहिल्या चमच्याला भुवया वर जातात, दुसऱ्याला त्या खाली येतात आणि तिसऱ्याला तिखटाची वाटी आपणहून पुढे ओढली जाते.

तसं पाहिलं तर यात नवल ते काय? शाळेच्या फाटकाशी पाटी घेऊन बसलेली बाई आठवते ना? पेरूला चार चिरा द्यायच्या, देठाशी फोडी जोडलेल्याच ठेवायच्या आणि मधे चिमटीने तिखट-मीठ भरायचं. घरी कळलं तर बोलणी बसायची, तरी आपण खाल्लाच. पेरू आणि तिखट-मीठ ही जोडी आपल्या जिभेला कैरी-मिठाइतकीच ओळखीची. मधे दूध-साखर आली की मात्र आपण बिचकतो. गंमत म्हणजे पेरू आणि मिरची, दोघींचं माहेर एकच! दोन्ही मूळच्या अमेरिका खंडातल्या, दोन्ही पोर्तुगीजांच्या मागोमाग आपल्याकडे आल्या. 'पेरू' हा शब्दसुद्धा पोर्तुगीजांच्या 'पेरा'वरून, म्हणजे नासपतीवरून, आला असं मानतात.

पण आमच्या घरात हे आइस्क्रीम आलं ते कवळीमुळे.

१९८४ सालची गोष्ट. आम्ही तेव्हा साताऱ्याला होतो. सासूबाई ६६ वर्षांच्या होत्या. त्यांना पेरूचं भारी वेड. थंडीच्या दिवसांत दुपारची आवराआवर झाली, की मागच्या दारी उंबऱ्याशी बसून त्या विळीवर पेरू चिरायच्या आणि मिसळणाच्या डब्यातलं तिखट-मीठ लावून सावकाश खायच्या. सबंध दिवसात त्यांनी फक्त स्वतःसाठी केलेली अशी एवढी एकच गोष्ट मी पाहिली. त्या वेळी त्यांना हाक मारायची नाही, हे घरात कुणी न सांगताच ठरलेलं होतं.

त्या वर्षी त्यांचे उरलेसुरले दात काढले आणि कवळी आली. चेहरा पुन्हा भरला, बोलणं स्पष्ट झालं. सगळ्यांना बरं वाटलं. पण कवळी आणि पेरूचं बी यांचं हाडवैर! दात काढल्यावर हिरड्या हळूहळू झिजतात, कवळी सैल होते आणि ते टणक बी नेमकं तिच्याखाली जाऊन बसतं. घास चावला की जीव कळवळतो. दोनदा असं झालं आणि सासूबाईंनी पेरू सोडला. मग एक दिवस मंडईतून आणलेल्या पेरूंचा घमघमाट घरभर सुटला, तशा म्हणाल्या, "सूनबाई, पेरू आणत जाऊ नकोस गं. वास सोसत नाही." ज्या वासासाठी त्या थंडीची वाट बघायच्या, तो सोसेनासा झाला होता!

पेरूमागून शेंगदाण्याचा लाडू गेला, ज्वारीची भाकरी गेली, चकली गेली. वरण-भात, ताक-भात आणि दुधात कुस्करलेली पोळी एवढं उरलं. रात्री "भूक नाही" हे ठरलेलं. पोलक्याच्या शिवणी मी दोनदा आत घेतल्या. डॉक्टरांना दाखवलं, दुखणं काही निघालं नाही. हे म्हणाले, "सवय व्हायला वेळ लागतो." वन्सं म्हणाल्या, "या वयात खाणं कमी व्हायचंच." दोघांचंही बोलणं खोटं नव्हतं. पण शिवणी आत घेताना माझ्या पोटात तुटायचं, ते कुणाला सांगायचं?

पेरूची जेली आपण करतोच. गर शिजवतो, गाळतो, बी बाजूला राहतं. म्हटलं, हा गरच का देऊ नये? गर गाळून, साखर घालून वाटीत घालून दिला. सासूबाईंनी वाटीकडे पाहिलं, ती हलकेच बाजूला सारली आणि म्हणाल्या, "माझं उष्टावण करताय की काय पुन्हा?"

त्या एका वाक्याने मला पुष्कळ कळलं. बी सलत होतं हे तर खरंच. पण सगळं घर चकली खातंय आणि आपल्यापुढे तेवढा लगदा, हे त्याहून सलत होतं. तेव्हा असं काही करायला हवं होतं की जे मऊ असेल, पण सगळं घर तेच खाईल, तेही हावरटासारखं. लहान-थोर, दात असलेले नि नसलेले एकाच चवीने खातात, असा पदार्थ कुठला? आइस्क्रीम!

वाड्यात एकच आइस्क्रीमचा पॉट होता, शेजारच्या काकूंचा. लाकडी बादली, आत कल्हईचा डबा, डब्यात लाकडी पंखा आणि वर फिरवायचा दांडा. असा दांड्याचा पॉट काढून १८४३ साली त्याचं पेटंट घेतलं ते अमेरिकेतल्या नॅन्सी जॉन्सन या बाईने, हे मला पुष्कळ उशिरा कळलं. कळल्यावर वाटलं, बाईचंच डोकं हवं! कारण आमच्या घरातल्या पुरुषांनी आपणहून हात लावलेला हा एकच पदार्थ. दांडा फिरवायला धाकटे भाऊजी, हे, वाड्यातली मुलं, सगळ्यांच्या पाळ्या लागायच्या आणि बायका चक्क बसून असायच्या.

"डिसेंबरात आइस्क्रीम? आईला बाधेल," वन्सं म्हणाल्या. मी म्हटलं, "दुपारी उन्हात बसून खाऊ." पेरूला उन्हाळ्यापर्यंत थांबवता येत नाही. मृग बहराचा पेरू थंडीत हाती येतो आणि पावसाळी पेरूपेक्षा तो गोडीला नि वासाला सरस असतो.

भाऊजींनी कारखान्यातून बर्फाची लादी आणली, भुसा लागलेली, गोणपाटात गुंडाळलेली. ती फोडून बादलीत एक थर बर्फ, एक थर खडे मीठ असं भरलं. नुसत्या बर्फाने आइस्क्रीम होत नाही. बर्फ शून्य अंशावर असतो आणि साखर घातलेलं दूध गोठायला त्याहून खाली जावं लागतं. मीठ पडलं की बर्फ भराभर वितळायला लागतो, त्यासाठी लागणारी उष्णता दुधाच्या डब्यातून ओढून घेतो आणि बादलीतलं खारं पाणी शून्याच्या कितीतरी खाली उतरतं. अर्ध्या तासाने दांडा जड झाला. मग पंखा काढला, डबा झाकला, पुन्हा बर्फ-मीठ भरलं आणि वर गोणपाट टाकून तासभर मुरू दिलं.

मागच्या अंगणात उन्हात सगळे बसलो. सासूबाईंनी दोन चमचे खाल्ले आणि वाटी खाली ठेवली. उठून आत गेल्या. वन्संनी माझ्याकडे पाहिलं, मी ह्यांच्याकडे. बाधलं की काय?

सासूबाई बाहेर आल्या त्या मिसळणाचा डबा घेऊन! खाली बसल्या, चिमटीने आइस्क्रीमवर तिखट घातलं, मीठ घातलं आणि आमच्या उघड्या तोंडांकडे बघत म्हणाल्या, "पेरू कधी असा अळणी खातात का?"

वाटी खरवडल्याचा आवाज आला, तेव्हा आम्ही भानावर आलो. "आहे का गं आणखी?" कवळी आल्यापासून त्यांनी काही मागून घेण्याची ती पहिली वेळ. मग वन्संनीही मुकाट्याने आपली वाटी त्या डब्यापुढे धरली.

त्या तिखटाचं मर्म मला मागाहून उमगलं. थंडाव्याने जिभेला गोडी कमी लागते आणि जरासं मीठ ती वर काढतं. मिरचीचा झणका पाण्यात विरघळत नाही, स्निग्धात विरघळतो. म्हणून सायीच्या दुधात तो चावत नाही. आधी गार लागतं आणि मागून घशाशी हलकी ऊब येते. शिवाय वयाबरोबर नाकाचा तिखटपणा कमी होतो, आणि वरच्या कवळीने टाळू झाकला जातो, त्यामुळे घास खरखरीत की मऊ, ऊन की गार हे नीट कळत नाही. म्हाताऱ्या माणसांना आपण मऊ आणि अळणी देतो. मऊ त्यांना लागतंच; पण अळणी कशाला?

एका आइस्क्रीमने त्यांची भूक परत आली, असं मी म्हणणार नाही. झालं ते एवढंच, की त्या मागायला लागल्या. "लाडवाला कूट अगदी बारीक कर, जमेल मला." "भाकरी दुधात नको, आमटीत कुस्कर आणि वर तेल घाल." आणि मी तोवर जे 'बंद' म्हणून सोडून दिलं होतं, त्यात नेमकं काय अडतंय ते बघायला लागले. पुष्कळदा अडत होतं ते एवढंसंच, पेरूच्या बियाएवढं. फाल्गुनापर्यंत पोलक्याची एक शिवण मी उसवली.

सासूबाई १९९७ साली गेल्या. तोवर एकही थंडी या आइस्क्रीमवाचून गेली नाही. आता माझं वय त्यांच्या तेव्हाच्या वयापुढे गेलंय, आणि कवळी नसली तरी पेरूची फोड मीही जपूनच चावते.

तर आता कृती. साधारण आठ माणसांना पुरेल.

अर्धा किलो पिकलेले, वासाचे पेरू घ्या. गुलाबी गराचे मिळाले तर रंग छान येतो. पांढऱ्यात 'सरदार' चांगला. ही जात आपल्या पुण्याच्या गणेशखिंडीतल्या फळ-केंद्रात निवडलेली. पेरू सोलून, चिरून, अर्धी वाटी पाण्यात पाच-सात मिनिटं शिजवा. चाळणीवर घोटून गर खाली काढा. मिक्सरमधून फिरवू नका. बी फुटलं की कचकच राहते. गर पूर्ण गार करा.

एक लिटर म्हशीचं दूध पाऊण लिटर होईपर्यंत आटवा. त्यातल्याच थोड्या गार दुधात एक मोठा चमचा कॉर्नफ्लोअर कालवून ते उकळत्या दुधात घाला, ढवळत दोन मिनिटं शिजवा. पेरूत पेक्टिन असतं. जेली त्यानेच धरते, आणि इथे आइस्क्रीमलाही दाटपणा येतो. म्हणून याहून जास्त पीठ नको. २०० ग्रॅम साखर आणि चिमूटभर मीठ घालून दूध गार करा, मग फ्रिजमध्ये चांगलं थंड करा. गर आणि दूध दोन्ही गारच असताना एकत्र करा. पेरू आंबट असतो, ऊन दुधात पडला तर दूध नासेल. शेवटी वाटीभर घोटलेली साय किंवा क्रीम मिसळा.

पॉट असेल तर एका भागाला मीठ, तीन-चार भागांना बर्फ, हे प्रमाण ठेवा. बादलीच्या बाजूचं भोक मोकळं ठेवा, म्हणजे खारं पाणी डब्याच्या झाकणापर्यंत चढणार नाही. झाकण उघडण्यापूर्वी ते कोरड्या फडक्याने पुसा, नाहीतर सगळं खारट.

पॉट आता फारसा कुणाकडे नसतो. मग पसरट स्टीलच्या डब्यात मिश्रण ओता, झाकण घट्ट लावा, फ्रीझरमध्ये ठेवा. कडेने गोठून मधे मऊ असताना, साधारण तीन-चार तासांनी, बाहेर काढून मिक्सरमध्ये फिरवा आणि पुन्हा ठेवा. दोनदा केलंत तर उत्तम. फिरवल्याने बर्फाचे खडे मोडतात, हवा भरते. पॉटचा पंखा तेच करायचा. फक्त एक करा, मिक्सर फिरवायला घरातल्या पुरुषांना हाक मारा. दांडा गेला म्हणून पाळी कशाला जायला हवी?

वरच्यासाठी दोन चमचे ब्याडगी मिरचीचं तिखट, एक चमचा मीठ आणि आवडत असेल तर चिमूटभर पादेलोण. ब्याडगीला रंग जास्त, झणका कमी. डॉक्टरांनी मीठ कमी सांगितलं असेल, त्यांनी नुसतं तिखट घ्यावं.

आणि हे तिखट-मीठ आधीच आइस्क्रीमवर घालून आणू नका. छोट्या वाटीत वेगळं ठेवा, घरातल्या सर्वांत वयस्कर माणसाच्या हाताशी. किती घ्यायचं, ते ज्याचं त्याला ठरवू द्या.