कुरळे ते कुरळेच राहू देत

भाचीच्या लग्नाआधी केस कायमचे सरळ करून घे, असं ताई म्हणते. सेनगाव तालुक्यातल्या आमच्या गोरेगावातही आता सरळ केसांचीच हौस. पण सरळ करण्यासाठी लावतात ते रसायन केसाच्या केराटिनमधले गंधकाचे बंध तोडतं. केस कमकुवत होतो. वर महिन्याला सेंटीमीटरभर नवे केस येतात, ते कुरळेच! मग पुन्हा रसायन. अशा उत्पादनांचा वारंवार वापर आणि गर्भाशयाचा कर्करोग यांचा संबंध 2022 मधल्या अमेरिकी अभ्यासात दिसला; कारण सिद्ध झालेलं नसलं, तरी मला तेवढं पुरेसं आहे. खोबरेल मात्र केसात मुरून प्रथिनांची झीज कमी करतं. पोरींनो, केस सरळ करायचेच असतील, तर आधी बाटलीवरचे घटक वाचा.