पलीकडून काय आलं?

3 डिसेंबर 2020 रोजी लंडनच्या नॅचरल हिस्टरी म्युझियममधून अभिनेते स्टीफन फ्राय यांनी एक नाव जाहीर केलं आणि सोलापूर जिल्ह्याच्या माढा तालुक्यातली परितेवाडी जगाच्या बातम्यांत आली. तिथल्या जिल्हा परिषद शाळेतले रणजितसिंह डिसले यांना ग्लोबल टीचर प्राइज मिळालं होतं. 140 हून अधिक देशांतून 12,000 च्या वर नावं आली होती आणि बक्षीस होतं दहा लाख डॉलरचं. डिसले यांनी तिथल्या तिथे सांगून टाकलं की, यातली निम्मी रक्कम अंतिम फेरीतल्या उरलेल्या नऊ शिक्षकांची. महाराष्ट्रात सत्कारांची रांग लागली. हे बक्षीस मूळचं दुबईचं, हे मात्र त्या हारतुऱ्यांत फारसं कुणाच्या ध्यानात राहिलं नाही.

केरळमधलं एक शिक्षक दांपत्य 1959 साली दुबईला आलं. तेलाचा पैसा अजून यायचा होता. नवराबायको स्थानिक अरबांना इंग्रजी शिकवत, आणि 1968 साली त्यांनी स्वतःची शाळा काढली. त्यांचा मुलगा सनी वर्की. त्यानं त्या एका शाळेतून जेम्स एज्युकेशन हा मोठा शिक्षणसमूह उभा केला आणि पुढे वर्की फाउंडेशनतर्फे हे बक्षीस सुरू केलं. 2015 ते 2019 अशी पाचही वर्षं ते दुबईतच थाटामाटात दिलं गेलं. 2020 चा सोहळा लंडनचा होता आणि साथीमुळे तोही पडद्यावर करावा लागला; डिसले गुरुजींचं दुबईचं व्यासपीठ हुकलं.

डिसले यांनी केलं काय, तर पहिली ते चौथीच्या पुस्तकांना क्यूआर कोड जोडले. हा काळापांढरा चौकोन मुळात शाळेसाठी जन्मलाच नव्हता. जपानच्या डेन्सो वेव्ह कंपनीत मासाहिरो हारा यांनी 1994 साली तो मोटारींच्या सुट्या भागांची नोंद ठेवायला तयार केला. माढ्यात त्याच चौकोनातून कविता ऐकू येऊ लागल्या, गोष्टी आणि स्वाध्याय उघडू लागले. पुढे बालभारतीच्या पुस्तकांवर क्यूआर कोड आले आणि 2018 मध्ये एनसीईआरटीनंही आपल्या पुस्तकांत ते छापायचं जाहीर केलं. ज्या घरात पुस्तक एक आणि मोबाइलही एकच, त्या घरात दोघांची गाठ घालून द्यावी, हे सुचायला मास्तरच लागतो. कंपनीच्या विक्रेत्याला ते सुचलं नसतं.

डिसले यांच्या आदल्या वर्षीचे विजेते केनियाचे पीटर टॅबिची. त्यांच्या शाळेत संगणक एकच आणि इंटरनेट लहरी. मग ते सायबर कॅफेत जाऊन लागणारं साहित्य उतरवून घेत आणि वर्गात इंटरनेटशिवाय दाखवत. दुबईच्या झगमगत्या सभागृहात अशा माणसाला तंत्रज्ञानासाठीही शाबासकी मिळते आणि बाहेर त्याच शहरात कितीतरी वर्गांत भिंतभर इंटरॅक्टिव्ह पॅनल असतो, यातली गंमत अमिरातीतल्या भारतीय शिक्षकांना चांगली कळते. कारण त्या पॅनलपुढे रोज उभं राहायचं असतं त्यांना.

शारजात एका सीबीएसई शाळेत गणित शिकवणाऱ्या एक मराठी बाई आहेत. बी.एड. सांगलीकडचं, नवऱ्याच्या नोकरीमुळे इकडे आलेल्या. मुलं त्यांना ‘मॅम’ म्हणतात, घरी फोनवर सासूबाई अजून ‘आमच्या बाई शाळेत गेल्यात’ असंच सांगतात. खडू, डस्टर आणि खणखणीत आवाज एवढ्यावर त्यांची वर्षं गेली होती. पॅनल होता, पण बाई त्यावर पीपीटी लावत आणि मग शेजारच्या पांढऱ्या फळ्यावर उदाहरणं सोडवत. इन्स्पेक्शन आलं की पॅनलचा वापर वाढे. हे त्यांच्याच शाळेत घडत होतं असं नव्हे. अमिरातीतल्या शाळांच्या तपासणीची जी चौकट आहे, तिच्यात शिकण्याच्या कौशल्यांखाली तंत्रज्ञानाचा वापरही तपासला जातो. त्यामुळे तो दिसावा लागतो, आणि जे दिसावं लागतं ते दाखवलं जातं.

मार्च 2020 मध्ये दाखवायची सोय संपली. 8 मार्चपासून देशभरच्या शाळा बंद झाल्या, 22 मार्चपासून दूरशिक्षण सुरू झालं. आधी दोन आठवडे म्हणाले, मग वर्ष संपेपर्यंत. भारतीय शाळांचा पेच वेगळाच होता. बाकीच्या बऱ्याच शाळांचं वर्ष सप्टेंबरला सुरू होतं, म्हणजे त्यांचे शिक्षक ओळखीच्या मुलांशी पडद्यावर बोलत होते. भारतीय शाळांचं नवं वर्ष एप्रिलमध्ये उजाडतं. बाईंच्या हाती नवा वर्ग आला तो नुसत्या नावांच्या यादीसारखा. कोण डावखुरा, कोण खिडकीबाहेर बघत बसतो, कोण उत्तर माहीत असूनही हात वर करत नाही, काही म्हणता काही ठाऊक नाही.

शिवाय या देशात व्हॉट्सअ‍ॅपवर मेसेज जातो, कॉल लागत नाही. इंटरनेटवरून बोलण्याच्या बहुतेक सेवांवर इथे बंधनं आहेत. दूरसंचार नियामकानं त्या मार्चमध्ये खास बाब म्हणून टीम्स, झूम, गूगल हँगआउट्स वगैरेंना मोकळीक दिली, तेव्हा कुठे वर्ग भरले.

पहिले आठवडे सगळ्यांचेच बटणं शिकण्यात गेले. कुणी स्टीलच्या डब्यांची उतरंड रचून तिच्यावर मोबाइल पालथा ठेवला. पुण्यातल्या रसायनशास्त्राच्या एका शिक्षिकेनं कपड्यांचा हँगर आणि चिंध्या वापरून मोबाइल टांगला आणि तो फोटो देशभर फिरला. शारजात बाईंच्या मुलीनं त्यांना स्क्रीन शेअर करायला शिकवलं, म्यूट-अनम्यूट शिकवलं आणि मैत्रिणींना त्याचे किस्सेही सांगितले. पण बटणं महिन्याभरात येतात. त्यांचं फार कौतुक करू नये.

अडलं ते पुढे. वर्गात शिकवताना बाई मुलांच्या पेन्सिली बघत. पेन्सिल थांबली की बाक गाठायचा, खांद्यावरून वहीत डोकवायचं, चूक कुठल्या पायरीवर झाली ते तिथेच कळायचं. टीम्सवर पेन्सिली नव्हत्या. रंगीत गोलांत नावांची आद्याक्षरं होती. कॅमेरे बहुतेकांचे बंद. त्याला कारणंही होती. एका बेडरूमच्या फ्लॅटमध्ये वडील एका कोपऱ्यात ऑफिस चालवतायत, धाकट्याची केजी दुसऱ्या कोपऱ्यात, मागे आई स्वयंपाक करतेय. त्यातून परवानगीशिवाय कुणाचा फोटो काढणं या देशात गुन्हा आहे, त्यामुळे घरातलं काही दिसावं याला बऱ्याच कुटुंबांची तयारी नव्हती. ‘समजलं का?’ म्हणून विचारलं की अंगठ्यांची रांग लागे. अंगठा वर असलेल्या मुलाला गणित समजलेलं असतंच असं नाही, हे कुठल्याही शिक्षकाला सांगावं लागत नाही.

मे महिन्यात आणखी एक भर पडली. 7 मे 2020 पासून परदेशातल्या भारतीयांना मायदेशी नेणाऱ्या वंदे भारत मोहिमेची विमानं सुटू लागली. नोकऱ्या गेलेली, पगार कापलेली कुटुंबं गावी परतली, पण शाळेत नाव तसंच राहिलं. शारजात सकाळचे आठ वाजतात तेव्हा भारतात साडेनऊ झालेले असतात. काही मुलं आजोळच्या ओसरीवरून वर्गात येत, वीज गेली की नाहीशी होत.

इथे बाईंचं खरं शिकणं सुरू झालं आणि ते एका अगदी साध्या साधनापाशी, गूगल फॉर्मपाशी. शाळेनं फॉर्म दिला होता चाचणी घ्यायला. चार पर्याय, एक बरोबर, खाली आपोआप आलेले गुण. गुणांवरून बाईंना काहीच कळेना. मग त्यांनी चुकीचे पर्याय विचारपूर्वक घालायला सुरुवात केली. 1/2 + 1/3 किती? बरोबर उत्तर 5/6. पण 2/5 निवडणारं मूल वरच्यात वरचे, खालच्यात खालचे मिळवतं. 2/6 निवडणाऱ्याला छेद सारखे करायचं माहीत आहे, अंश बदलायचा मात्र राहतो. 1/6 वाल्यानं तर बेरजेच्या जागी गुणाकारच केलेला. तिघेही नापास, पण तिघांना तीन वेगळी औषधं. तसंच 0.35 आणि 0.5 यांतलं मोठं कोणतं? 35 हे 5 पेक्षा मोठे, म्हणून पहिलं निवडणारी मुलं दरवर्षी निघतात. आता ती नावानिशी, तास संपायच्या आत समोर येऊ लागली.

यात तंत्र म्हणाल तर शून्य. फॉर्म फुकट, बनवायला दहा मिनिटं. पण कुठली चूक कुठल्या गैरसमजातून येते हे माहीत असल्याशिवाय त्या तीन चुकीच्या ओळी लिहिता येत नाहीत, आणि ते ज्ञान बाईंनी हजारो वह्या तपासून मिळवलेलं होतं. नव्या साधनामुळे त्यांची जुनी कमाई पहिल्यांदाच नीट वापरात आली. फळ्यासमोर ज्या मुलाची पेन्सिल बाईंच्या नजरेतून सुटत असे, तेही यात सुटत नव्हतं.

मग जिओजेब्रा. ऑस्ट्रियात मार्कुस होहेनवार्टर यांनी विद्यार्थी असताना, या शतकाच्या सुरुवातीला बनवलेलं हे मोफत सॉफ्टवेअर भूमितीसाठी फार सुंदर आहे. अर्धवर्तुळातला कोन घ्या. व्यासाची दोन टोकं पक्की, तिसरा बिंदू वर्तुळावर सरकवत न्या. कोन 90 अंशांवरून हलत नाही. बाईंनी ते पडद्यावर फिरवून दाखवलं, मुलांनी कार्टून बघावं तसं बघितलं आणि विसरून गेली. पुढल्या वर्गाला त्यांनी बिंदू हलवायच्या आधी विचारलं, कोन वाढेल, कमी होईल की तसाच राहील? प्रत्येकानं चॅटमध्ये लिहा, मगच मी हलवते. आता मुलांची पैज लागली. जे हरले त्यांना ‘असं का?’ विचारायची घाई झाली. (हे जिओजेब्रा डिसेंबर 2021 मध्ये बायजूस कंपनीनं विकत घेतलं, आणि 2024 मध्ये बायजूसच दिवाळखोरीच्या खटल्यात अडकली. एका अ‍ॅपवर सगळा लेसन प्लॅन बांधू नये, हा धडा शिक्षकांना कुठल्याही प्रशिक्षणात मिळाला नव्हता.)

त्याच सुमारास महाराष्ट्रात वेगळ्या वाटा शोधल्या जात होत्या. जुलै 2020 पासून सह्याद्री वाहिनीवर ‘टिलीमिली’ ही शैक्षणिक मालिका लागायची. सोलापूरच्या नीलमनगरात शिक्षकांनी घरांच्या भिंतींवर धडे रंगवले, कारण कामगारवस्तीतल्या मुलांकडे फोन नव्हते. एकाच जिल्ह्यात क्यूआर कोडही आणि रंगवलेली भिंतही. भिंत मागे पडलेली आणि कोड पुढारलेला, असं मानायचं कारण नाही. 2026 चं ग्लोबल टीचर प्राइज दुबईत जाहीर झालं तेव्हा ते मिळालं मुंबईच्या रूबल नागी यांना, वस्त्यांमधल्या भिंतींवर शिकवणारी चित्रं काढणाऱ्या कलावतीला.

शाळा पुन्हा भरल्या. बाई पुन्हा बाकांमधून फिरू लागल्या, पण फॉर्म सुटला नाही. तास सुरू होताना तीन प्रश्न, आणि त्यांच्या उत्तरांवरून त्या दिवशी कुठल्या बाकापाशी आधी थांबायचं ते ठरतं. 16 एप्रिल 2024 ला अमिरातीत 1949 पासूनच्या नोंदींतला सर्वांत मोठा पाऊस झाला, शारजाच्या रस्त्यांवर दिवसेंदिवस पाणी साचून राहिलं आणि वर्ग परत पडद्यावर गेले. या वेळी मुलीला हाक मारावी लागली नाही.

आता नवं प्रकरण आहे. 2025-26 पासून अमिरातीतल्या सरकारी शाळांत केजीपासून बारावीपर्यंत कृत्रिम बुद्धिमत्ता हा विषय आला. सीबीएसईनं तो नववीला पर्यायी म्हणून 2019 मध्येच आणला होता. विषय येण्याआधी वस्तू येऊन बसली आहे, हे वेगळं सांगायला नको. फोटोमॅथसारखं अ‍ॅप गणिताचा फोटो काढला की पायऱ्यांसकट उत्तर देतं. गृहपाठ बिनचूक येऊ लागला आणि बाईंची पंचाईत झाली, कारण त्यांचं सगळं काम चुकांवर चालायचं. बंदीचा उपयोग होत नाही हे त्यांना लवकर उमगलं. आता त्या स्वतःच एक चुकीचं सोडवलेलं उदाहरण पाठवतात आणि विचारतात, ही चूक करणाऱ्याच्या डोक्यात काय चाललं असेल? एका मिनिटाच्या व्हॉइस नोटमध्ये सांगा. मुलं अडखळत बोलतात, मध्येच मल्याळम किंवा हिंदीवर जातात, ‘मॅम, वेट’ म्हणून परत सुरू करतात. त्या अडखळण्यात बाईंना हवं ते सापडतं.

फक्त एका वर्गाच्या व्हॉइस नोट ऐकायच्या म्हटलं तरी रात्र होते. शाळा दर सत्रात नव्या अ‍ॅपचं पीडी सेशन, म्हणजे शिक्षकांचं प्रशिक्षण, ठेवतात, तज्ज्ञ येतात, प्रमाणपत्रं मिळतात. मुलांकडून आलेलं ऐकायला आणि वाचायला टाइमटेबलमध्ये तासच नसतो. अमिरातीतल्या असोत की महाराष्ट्रातल्या, शाळांच्या व्यवस्थापनांना एवढीच विनंती आहे. पुढच्या सत्रातलं एक पीडी सेशन रद्द करा, आणि तो वेळ शिक्षकांना मुलांची उत्तरं बघायला द्या.