दंडघेराची पट्टी

बालकाचा दंडघेर मोजणं हे आम्हा परिचारिकांच्या कामातलं अगदी साधं काम. डाव्या हाताचा खांदा आणि कोपर यांच्या मधोमध खूण करायची, हात मोकळा लोंबता ठेवायचा, पट्टी फिरवायची आणि ती कातडीला टेकेल पण रुतणार नाही इतकीच ओढायची. मग खिडकीतला आकडा वाचायचा. सहा महिने ते पाच वर्षं वयाच्या मुलाचा घेर ११.५ सेंटिमीटरच्या खाली गेला तर लाल रंग दिसतो, म्हणजे मूल तीव्र कुपोषित, आमच्या भाषेत ‘सॅम’. तिथून १२.५ पर्यंत पिवळा, म्हणजे ‘मॅम’. त्यापुढे हिरवा. सगळा खेळ दोन-तीन मिलिमीटरचा. पट्टी किंचित सैल सोडली की लाल मूल पिवळ्यात जातं, तक्ता बरा दिसतो, आढावा बैठकीत कुणी जाब विचारत नाही. पट्टी कोणी किती ओढली, याची नोंद कुठल्याच रजिस्टरमध्ये होत नाही. ठाणे जिल्ह्यात, मुरबाडमध्ये टोकावड्याच्या बाजूला किंवा शहापुरात डोळखांबच्या पलीकडे, भर पावसात चिखल तुडवत पाड्यावर पोचायचं आणि दिवसाच्या शेवटच्या मुलाचीही पट्टी पहिल्या मुलासारखीच नीट ओढायची, हे बळ माणसात कुठून येतं? कामातला उत्साह आणि कामाचा अर्थ यांबद्दल मला जे म्हणायचं आहे ते या एका प्रश्नाभोवतीच आहे.

नेहमीचं उत्तर असं की ध्येय मोठं ठेवा, उत्साह आपोआप येईल. मला हे उत्तर पटत नाही. मोठं ध्येय घेऊन आलेली माणसं या कामात लवकर कोरडी पडतात, आणि त्याला कारण आहे. मुलाच्या दंडावर जे दिसतं त्याची मुळं सिस्टरच्या हातात नसतात. एका पावसाच्या भातावर भागणारं घर, दिवाळीनंतरचं स्थलांतर, कोवळ्या वयातलं लग्न, पाठोपाठची बाळंतपणं, उन्हाळ्यात डोक्यावरून आणायचं पाणी, ही सगळी त्या घेरात उतरलेली असतात. भातसा, तानसा आणि वैतरणेची धरणं शहापूर तालुक्याच्या अंगाखांद्यावर आहेत. त्यांचं पाणी मुंबईला जातं आणि त्याच तालुक्यातले पाडे चैत्र-वैशाखात टँकरची वाट बघतात. एवढ्या मोठ्या अन्यायाच्या पायथ्याशी बसून ‘मी कुपोषण संपवीन’ म्हणणाऱ्याला पुढे दोनच वाटा उरतात. एक तर खचायचं, नाही तर पट्टी सैल सोडायची. कारण आता तो आकडा मुलाचा राहिलेला नसतो, मोजणाऱ्याच्या स्वतःच्या किमतीचा झालेला असतो. माझ्या मते कामातलं बळ संपतं ते बहुधा इथेच. कष्टाने जेवढं संपत नाही तेवढं, काम हा स्वतःला सिद्ध करण्याचा खटला झाला की संपतं.

ख्रिस्ती श्रद्धेने मला दिलेली गोष्ट म्हणजे हा खटला निकाली निघाल्याची खात्री. मार्काच्या शुभवर्तमानात येशूचा बाप्तिस्मा अगदी सुरुवातीला येतो. पित्याचा संतोष त्याच्यावर आहे, ही वाणी तिथे ऐकू येते तेव्हा त्याने एकही रोगी बरा केलेला नाही, एकही दाखला सांगितलेला नाही. नासरेथच्या त्या सुताराची तोवरची वर्षं कुणाच्या लेखी नाहीत. पसंती आधी आली, काम नंतर आलं. योहानाच्या शुभवर्तमानात शेवटच्या भोजनाच्या वेळी तो शिष्यांचे पाय धुतो, तिथेही क्रम हाच आहे. आपण कुठून आलो आणि कुठे जाणार हे त्याला ठाऊक होतं असं योहान आधी सांगतो, आणि मगच तो उठून कमरेला रुमाल बांधतो. धुळीने भरलेले पाय धुणं हे त्या काळी घरातल्या सर्वांत खालच्या नोकराचं काम. ज्याची प्रतिष्ठा पणाला लागलेली नाही त्यालाच ते मोकळेपणाने करता येतं. रक्त, पू, मलमूत्र यांचं काम आपल्या समाजाने कितीतरी काळ विटाळाचं मानलं. सुरुवातीच्या काळात या देशात परिचारिका व्हायला पुढे आलेल्या मुलींत ख्रिस्ती मुलींचा भरणा मोठा होता, त्यामागे गरज होती, मिशनच्या शाळा होत्या, तसंच हे पाय धुण्याचं चित्रही होतं. कृपा हा शब्द आम्ही प्रार्थनेत फार वापरतो. कामाच्या जागी तिचा अर्थ साधा आहे. माझी किंमत या आकड्यावर ठरायची नाही, म्हणून मी हा आकडा खरा लिहू शकते.

हे नुसतं मनाचं समाधान नाही याचा पुरावा महाराष्ट्रातच आहे. डॉ. रजनीकांत आणि डॉ. मेबल आरोळे हे ख्रिस्ती जोडपं. दोघं वेल्लोरच्या ख्रिश्चन मेडिकल कॉलेजात शिकले, नेवासे तालुक्यातल्या वडाळ्याच्या मिशन रुग्णालयात काम केलं. टाळता येण्याजोगे आजार घेऊन तीच माणसं पुन्हा पुन्हा येतात हे त्यांना तिथे दिसलं. पुढे अमेरिकेत सार्वजनिक आरोग्याचं शिक्षण घेऊन ते परतले आणि १९७० मध्ये त्यांनी त्या वेळच्या अहमदनगर जिल्ह्यात जामखेडला ग्रामीण आरोग्य प्रकल्प सुरू केला. गावोगाव शिकलेल्या नर्सबाई ठेवायचा पहिला प्रयत्न नीट रुजला नाही. मग गावानेच निवडलेल्या बायका घेतल्या. त्यांतल्या पुष्कळ निरक्षर, कित्येक दलित, काही नवऱ्याने टाकलेल्या. बाळंतपण, जुलाब, लसीकरण, बाळाचं वजन हे सगळं त्या शिकल्या आणि गावाला शिकवू लागल्या. प्रकल्पाच्या गावांत १९७१ च्या सुमारास हजारामागे १७६ अर्भकं दगावत होती. १९९० च्या दशकात हा आकडा ३० च्या खाली आला. १९७९ मध्ये दोघांना मॅगसेसे पुरस्कार मिळाला.

मला या कथेत आकड्यांहून मोठी वाटणारी गोष्ट वेगळी आहे. डॉक्टरांनी आपली विद्या मुद्दाम वाटून टाकली. जे काम आपल्याशिवाय अडत होतं ते आपल्याशिवाय चालावं अशी व्यवस्था त्यांनी केली. काम हीच ज्याची ओळख, त्याला हे जमत नाही. त्याला आपण अपरिहार्य असावं असं वाटत राहतं. मेबलताई १९९९ मध्ये गेल्या, रजनीकांत २०११ मध्ये, आणि काम चालू राहिलं. ज्या बाईला गावात शिवून घेत नव्हते तिच्या हातात बाळंतिणीची नाडी आली, तेव्हा तिच्यात जे बळ आलं त्याची सुरुवात कामाने झाली नव्हती. तू हे करू शकतेस, तुझी किंमत आहे, हे कुणीतरी तिला आधी सांगितलं होतं, आणि वागून दाखवलं होतं. पसंती आधी, काम नंतर, हा तोच क्रम.

यावर एक रास्त आक्षेप येतो, आणि तो मी सर्वांत गंभीर मानते. काम म्हणजे सेवा, काम म्हणजे देवाची हाक, ही भाषा मालकाच्या फार सोयीची असते. मुरबाड-शहापूरची कितीतरी कातकरी कुटुंबं पावसाळ्याआधी बयाणा उचलतात आणि दिवाळी झाली की वीटभट्टीवर जातात. गारा मळायचा, साचा भरायचा, विटा पाडायच्या. हिशोब हजारी विटेवर, आठवड्याला खर्ची, आणि हंगाम संपताना बयाणा फिटलेला नसतोच. वेठबिगारी कायद्याने १९७६ मध्ये बंद झाली. तरी ठाणे जिल्ह्यात श्रमजीवी संघटनेसारख्यांना १९८० च्या दशकापासून माणसं सोडवण्यासाठी लढावं लागलं. भट्टीवर राबणाऱ्या बापाला कामात आनंद शोध म्हणून सांगणं हा अपराध आहे.

पण बायबल ते सांगतच नाही. निर्गमच्या पाचव्या अध्यायात देवाची माणसंही विटाच पाडत आहेत. त्यांची मागणी सुट्टीची आहे: तीन दिवसांच्या वाटेवर रानात जाऊन उपासना करू द्या. फारो चिडतो, हे लोक आळशी झाले म्हणतो, विटांत घालायचा पेंढा देणं बंद करतो आणि विटांची संख्या तीच ठेवतो. अर्थपूर्ण काम कसं करावं यावर तिथे देव त्या मजुरांना प्रवचन देत नाही. तो त्यांना तिथून बाहेर काढतो. पुढे मिळालेल्या दहा आज्ञांत आठवड्याच्या विश्रांतीची आज्ञा आहे, ती दासदासींना, परक्याला आणि बैल-गाढवालाही लागू आहे. पोळ्याला बैलाच्या मानेवर जू ठेवायचं नाही हे ज्या शेतकऱ्याला ठाऊक आहे त्याला ती आज्ञा समजावून सांगावी लागणार नाही. बायबलमधल्या ‘अनुवाद’ या पुस्तकात तर तिचं कारणही दिलं आहे: तुम्ही मिसरात गुलाम होता हे विसरू नका. म्हणून माझ्या लेखी ज्या कामातून उठता येत नाही त्याला पाचारण म्हणायचा कुणालाच अधिकार नाही. आजाऱ्याला रविवार नसतो हे खरं, येशूनेही शब्बाथाला वाळलेल्या हाताचा माणूस बरा केला. पण त्यावरून परिचारिकेला कधीच सुट्टी नको असा अर्थ काढणं म्हणजे फारोचं गणित येशूच्या तोंडी घालणं.

हीच कसोटी आशाताईंना लावून पाहा. जामखेडच्या बायकांनी जे करून दाखवलं त्याच वाटेने २००५ मध्ये राष्ट्रीय ग्रामीण आरोग्य अभियानात आशा आल्या. २०२२ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने भारतातल्या आशांचा गौरव केला. तरीही त्या कागदोपत्री स्वयंसेविका, त्यांना पगार नाही, मानधन आणि कामागणिक मोबदला. २०२१ मध्ये, करोनाच्या साथीतच, महाराष्ट्रातल्या आशांना संपावर जावं लागलं. त्या वेळी सेवाभाव कुठे गेला असं विचारणारे होते. सेवाभाव जागच्या जागीच होता. मजुराने मजुरी मागणं हे ख्रिस्ती विचारात कमीपणाचं नाही, उलट याकोबाच्या पत्रात थकवलेली मजुरी स्वतःच देवाकडे ओरडते. ज्याची किंमत आधीच ठरलेली आहे तो कामाचं मोल मागताना लाजत नाही, आणि मोल कमी मिळालं म्हणून बाळाची पट्टी सैलही सोडत नाही. या दोन गोष्टी एकाच माणसात नांदू शकतात, हे मी मनापासून मानते.

दुसरा आक्षेप शेजारच्या परंपरेकडून येतो. हे सगळं सांगायला ख्रिस्त कशाला हवा? अरणच्या सावता माळ्यांना विठोबा मळ्यातच भेटला, पंढरीला जावं लागलं नाही. बरोबर आहे. वारकरी संतांनी कुणी चाकावर, कुणी मळ्यात, आपापलं काम करता करता भक्ती केली, आणि कृपेची भाषा त्यांनाही परकी नव्हती. यावर ख्रिस्ती माणसाची मक्तेदारी आहे असं मी म्हणत नाही. मला हे ख्रिस्ताकडून मिळालं, म्हणून मी त्याचं नाव घेते. मात्र यातून एक काळजी उभी राहते ती मी टाळणार नाही. ख्रिस्ती परिचारिका पाड्यावर आली की तिच्या पिशवीत औषधाबरोबर आणखी काही आहे का, अशी शंका घेतली जाते. माझं उत्तर लूकच्या दहा कुष्ठरोग्यांत आहे. दहाही बरे झाले, आभार मानायला एकच परतला, आणि उरलेल्या नवांचं बरेपण काढून घेतलं गेलं नाही. आजाऱ्याची अगतिकता ही संधी मानणं मला त्या कथेशी बेइमानी वाटते. इंग्रज लेखिका डोरोथी सेयर्स यांनी १९४२ मध्ये मांडलं होतं की सुताराचा धर्म आधी त्याच्या टेबलाच्या चांगलेपणात दिसला पाहिजे. आमचा तो निर्जंतुक ड्रेसिंगमध्ये दिसावा.

उरतो तो कंटाळा. जामखेडसारखी कथा सगळ्यांच्या वाट्याला येत नाही. बहुतेकांच्या वाट्याला रजिस्टर येतं. पण रजिस्टरकडेही बघण्याची एक रीत आहे. भट्टीवर निघालेल्या बाळाच्या माता-बाल संरक्षण कार्डावर गोवर-रुबेलाचा डोस कधी दिला, पुढचा कधी, कुटुंब कुठल्या गावच्या भट्टीवर चाललं, हे वाचता येईल अशा अक्षरात लिहिलं तर भिवंडीकडच्या कुठल्याशा सिस्टरला तो डोस वेळेवर देता येतो. या दोघींची भेट कधी होणार नाही. नोंद गिचमिड झाली तर बाळ एक तर सुटतं, नाही तर त्याला तीच लस पुन्हा टोचली जाते. कंटाळवाण्या कामात बहुधा असंच कुणीतरी न दिसणारं माणूस पलीकडे असतं. त्याची आठवण ठेवणं हीच मला कामाच्या मधली प्रार्थना वाटते, वेगळी वेळ मिळाली नाही तरी चालणारी.

इतकं सगळं मानूनही माणूस थकतो. श्रद्धा असलेला थकत नाही हे खोटं आहे, आणि ते खोटं आमच्या चर्चमध्येही पुष्कळदा बोललं जातं. कर्मेल डोंगरावर एवढा मोठा विजय मिळवून एलीया संदेष्टा रानात झुडपाखाली मरण मागत पडला होता. देवाने त्याला निष्ठेची आठवण करून दिली नाही. झोपू दिलं, भाकर आणि पाणी दिलं, पुन्हा झोपू दिलं. बोलणं नंतर झालं, आणि त्या बोलण्यात अलीशा नावाचा जोडीदार त्याच्या कामाला नेमून दिला गेला. उपकेंद्रावर एकटीने किती तरी पाडे सांभाळणाऱ्या सिस्टरच्या बाबतीत याचा अर्थ काढायला धर्मशास्त्र लागत नाही: तिला वेळेवर जेवण, हक्काची रजा आणि रिकाम्या पडलेल्या जागेवर दुसरी माणसं हवीत. तिच्यासाठी प्रार्थना करणाऱ्या मंडळीने त्या जागा भरण्याच्या अर्जावर सहीही करावी.