झोका आणि पाऊल

घरांतील मूल दोन वर्षांचें होऊनही उभें राहत नाहीं, हें सर्वांस दिसत असतें. बोलण्याचें धैर्य मात्र कोणासच होत नाहीं. आमच्या नातवाच्या बाबतींत असेंच झालें. सेरेब्रल पाल्सीचें निदान झाल्यावर व्यायामोपचार सुरू झाले, आणि त्यांत झोपाळाही आला. तेव्हांपासून त्याची आजी जपाची माळ ओढावी तसे रोज झोके मोजूं लागली. झोक्यांची संख्या पुरी झाली कीं नातू पाऊल टाकील, ही तिची श्रद्धा!

ही श्रद्धा अगदींच निराधार नव्हे. अंतःकर्णांत प्रत्येक बाजूस तीन अर्धवर्तुळाकार नलिका असतात. डोकें वळलें कीं त्यांतील द्रव क्षणभर मागें रेंगाळतो, आणि त्यावरून डोळे, मान व पाठ यांस तोल सांभाळण्याची वर्दी पोंचते. या इंद्रियाच्या अभ्यासाबद्दल रॉबर्ट बाराणी यांस १९१४ चें नोबेल पारितोषिक लाभलें. १९७७ सालीं क्लार्क, क्रॉइट्झबर्ग व ची या अमेरिकन संशोधकांनीं, चालूं न लागलेल्या बालकांस फिरत्या खुर्चींत फिरविल्यानें त्यांच्या हालचाली सुधारल्याचें 'सायन्स' नियतकालिकांत प्रसिद्ध केलें. पुढच्याच वर्षीं सेरेब्रल पाल्सीच्या मुलांविषयींही तसेंच वृत्त आलें. परंतु १९८० सालीं सेलिक व ओव्हर यांनीं अशाच मुलांवर प्रयोग केला, तेव्हां लाभ आढळला नाहीं.

हें घरांत सांगणें आम्हांस जड गेलें; पण सांगणें प्राप्तच होतें. कारण झोके मोजण्यांत जो वेळ जाई, तो उभें राहण्याच्या कंटाळवाण्या सरावास मिळत नसे. जी क्रिया साधावयाची, तीच मुलानें स्वतः वारंवार करावी, यावर आजचे तज्ज्ञ भर देतात. झोका आपण देतों; पाऊल त्यालाच टाकावें लागतें.

वाचकांस आमची विनंती इतकीच कीं, अठरा महिन्यांचें मूल आधाराशिवाय चालत नसेल, तर 'चालेल हळूहळू' म्हणून थांबूं नये, डॉक्टरांस दाखवावें. फेफरें येणाऱ्या मुलास तर त्यांस विचारल्यावांचून गरगर फिरवूंच नये. आमच्या घरचा झोपाळा आम्हीं काढलेला नाहीं. नातवास तो आवडतो, हें कारण पुरेसें आहे. आजी आतां झोके मोजीत नाहीं. समोर बसून त्याच्याकडे चेंडू पुढें करते, आणि तो हात लांब करतो.