जामसांवलीच्या तीन फेऱ्या

नागपूरहून सावनेर, मग सीमा ओलांडून सौंसर आणि जामसांवली. 65-70 किलोमीटरचा हा रस्ता हिवाळ्यात पहाटे सायकलवर करून पाहावा. हातमोज्यांतही बोटं गारठतात. उन्हं वर आली की संत्र्यांचे बगीचे दिसू लागतात. सौंसरलाही कानावर मराठीच पडते, राज्य बदललं हे पाट्यांवरून कळतं. जामसांवलीचा मारुती निजलेला आहे. दर्शन झालं की आपल्यालाही तिथेच पाय पसरून बसावंसं वाटतं.

परदेशातल्या लांब शर्यतीला जाणाऱ्यांनी मात्र एक हिशेब करावा. ‘रेस अ‍ॅक्रॉस अमेरिका’ सुमारे 4,800 किलोमीटरची, एकट्या स्वाराला मुदत 12 दिवस. म्हणजे रोज 400 किलोमीटर: नागपूर-जामसांवली जाऊन-येऊन तीन फेऱ्या, सलग बारा दिवस. जेवण, झोप त्यातच. 2017 साली नागपूरच्या डॉ. अमित समर्थ यांनी ती पूर्ण केली, तेव्हा मुदत संपायला तीन तासही उरले नव्हते.

ही शर्यत जूनमध्ये, वाळवंटाच्या उन्हातून जाते. त्या उन्हाची सवय इथल्या थंडीत होणार नाही. तासन्‌तास सीटवर बसण्याची मात्र होईल. म्हणून या दिवसांत वेगापेक्षा अंतर वाढवावं. चढ हवा असेल तर सौंसरहून छिंदवाड्याकडे सिल्लेवानीचा घाट आहे. देवळापाशी जरूर थांबा, पण घड्याळ लावून: दर्शन, पाणी, दोन संत्री आणि परत सायकलवर. तिकडे पायांइतकीच परीक्षा थांब्यांची असते.