तिकीट आणि मुहूर्त

प्रवासास निघण्यापूर्वीं पंचांग पाहण्याची चाल आमच्या घरांत अजून टिकून आहे. परंतु खरें सांगावयाचें तर हल्लीं प्रस्थानाचा दिवस पंचांगानें ठरत नाहीं. तो विमानाच्या दरानें ठरतो. रात्रींचीं जेवणें आटोपलीं कीं मुलुंडच्या आमच्या घरीं नातवंडें मोबाइल घेऊन बसतात, मंगळवारचा दर काय, बुधवारचा काय, याचा ऊहापोह चालतो, आणि वडील मंडळीही चष्मे सरसावून त्यांत पडतात. मास्तरकीचीं सारीं वर्षें काटकसरींत काढलेल्या आमच्यासारख्यास तर स्वस्त तिकीट मिळणें म्हणजे शिष्यवृत्ति मिळण्यासारखेंच वाटतें. हा मोह आम्हांस कसा भोंवला, तें वाचकांपुढें मांडण्याचें योजिलें आहे.

नागपुरास आमची थोरली बहीण असते. आई लवकर गेली; पुढें आम्हांस वाढविलें तें आक्कानेंच. ‘राम’ शब्द चालविण्यास आम्ही शिकलों तेही तिच्या चुलीपाशीं बसून. कांहीं वर्षांपूर्वीं वैशाखांत तिचें सहस्रचंद्रदर्शन ठरलें. आदले दिवशींच आगगाडीनें पोंचावें, असा चिरंजीवांचा आग्रह होता. आम्ही मात्र तीन महिने अगोदरच, कार्याच्या दिवशींच्या पहाटेच्या विमानाचीं पांच तिकिटें मिळवून बसलों होतों. आणि आगगाडीच्या वातानुकूलित डब्याच्या भाड्यांत विमान मिळालें, हें दहा जणांस सांगूनही झालें होतें.

आदले रात्रीं साडेदहाच्या सुमारास मोबाइलवर निरोप आला. कांहीं तांत्रिक व्यवस्थेच्या कारणास्तव उड्डाण रद्द. दुसऱ्या दिवशींचें विमान घ्यावें अथवा पैसे परत घ्यावे. नागपूरच्या रात्रींच्या गाड्या तोंपर्यंत सुटून गेल्या होत्या. इतर विमानांचे दर पाहतां पाहतां चौपट झाले, आणि आमचा विचार ठरेपर्यंत त्या जागाही संपल्या. दुसऱ्या दिवशीं तिकडे पूर्णाहुति होत असतां इकडे आम्ही आहेराच्या पिशव्या दाराशीं ठेवून बसलों होतों. अखेर पैसे परत मागितले, आणि त्या रात्रींच्या आगगाडींत कशाबशा दोन जागा मिळवून आम्ही उभयतां निघालों.

प्रथम राग आला तो कंपनीचा. तो ओसरल्यावर ध्यानांत आलें कीं, स्वस्त तिकीट स्वस्त कां असतें, याचा विचार आम्हीं कधीं केलाच नव्हता. अशा कंपनीचें विमान जमिनीवर उभें राहिलें कीं तोटा. म्हणून एकच विमान दिवसभर या गांवाहून त्या गांवास धांवतें. पहाटे झालेला उशीर सायंकाळपर्यंत वाढत जातो, आणि हाताशीं राखीव विमान व माणसें बेताचींच असतात. २०२५ च्या डिसेंबरांत, ऐन लग्नसराईंत, इंडिगो या देशांतील सर्वांत मोठ्या कंपनीचीं हजारों उड्डाणें रद्द झालीं. ५ डिसेंबर या एकाच दिवशीं हजाराहून अधिक. वैमानिकांची आठवड्याची विश्रांति ३६ तासांवरून ४८ तासांवर नेणारे नियम लागू झाले होते, आणि त्या मानानें माणसांची तरतूद झालेली नव्हती.

याहून बिकट प्रसंग कंपनीच बसते तेव्हांचा. अंधेरींत कचेरी असलेल्या जेट एअरवेजचीं उड्डाणें १७ एप्रिल २०१९ रोजीं थांबलीं. मुंबईच्याच वाडिया समूहाच्या गो फर्स्टनें २ मे २०२३ रोजीं दिवाळखोरीचा अर्ज केला. दुसऱ्या दिवसापासून तिचीं विमानें जीं बसलीं, तीं पुन्हां उडालींच नाहींत. तिकीट काढून ठेवलेला प्रवासी एका रात्रींत धनको झाला, आणि धनकोंच्या रांगेंतही तो बँकांच्या मागें. आगाऊ काढलेलें तिकीट म्हणजे कंपनीस दिलेलें बिनव्याजी उसनेंच होय, हें तेव्हां अनेकांस उमगलें.

आपल्या शास्त्रकारांनीं योग व क्षेम असे दोन शब्द योजिले आहेत. न मिळालेलें मिळणें हा योग. मिळालेलें हातीं टिकणें हा क्षेम. स्वस्त विमानांत योग सुलभ असतो. क्षेमाची जबाबदारी बव्हंशीं आपल्याच शिरावर राहते.

कायद्याचा आधार अगदींच नाहीं असें नव्हे. उड्डाण रद्द झाल्यास दुसरें विमान किंवा पूर्ण परतावा, यांपैकीं निवड प्रवाशाची. अखेरच्या चोवीस तासांत रद्द केल्यास नुकसानभरपाईचाही नियम आहे. एक ते दोन तासांच्या उड्डाणास ती ७,५०० रुपये, अथवा मूळ भाडें व इंधन-आकार मिळून होणारी रक्कम, यांत जें कमी असेल तें. म्हणजे तिकीट जितकें स्वस्त, तितकी भरपाईही स्वल्प! वादळ, दंगा अशा कंपनीच्या हाताबाहेरच्या कारणास ती मिळत नाहीं. संपर्काचा क्रमांक नीट दिलेला नसल्यासही नाहीं. म्हणून मध्यस्थाकडून तिकीट काढतांना त्याचा नव्हे, आपलाच क्रमांक घालावा. दाद लागली नाहीं तर सरकारच्या ‘एअरसेवा’कडे तक्रार करावी. आम्हांस यांतील कांहींच ठाऊक नव्हतें. परताव्यावरच आम्हीं समाधान मानलें.

आतां आमच्या घरीं एक नियम केला आहे. सहलीस जावयाचें असेल तर स्वस्त विमान खुशाल घ्यावें. चुकलें तर समुद्र कोठें जात नाहीं. परंतु मौंज, लग्न, परीक्षा, आजारपण असें जें थांबत नाहीं, त्यास आदल्या रात्रींचा मुक्काम तेथेंच झाला पाहिजे. विमानानें जा, नाहींतर आगगाडीनें. त्या मुक्कामाचा खर्च तिकिटाच्या किंमतींत धरावा, आणि मग स्वस्त कोणतें तें ठरवावें.

आम्ही नागपुरास पोंचलों तेव्हां मांडव उतरला होता. आदल्या दिवशीं आक्कानें स्वतःच्या शेजारीं आमचें पान मांडविलें होतें, आणि पंगत उठेपर्यंत तें कोणास हलवूं दिलें नाहीं, असें भाच्यानें हळूच सांगितलें. ती स्वतः त्याविषयीं अवाक्षर बोलली नाहीं. कार्यांतले उरलेले दोन लाडू तिनें आमच्यापुढें ठेवले आणि विचारलें, “तिकिटाचे पैसे तरी परत मिळतील ना रे?”

ते मिळाले. आठवड्याच्या आंत, अगदीं पै न् पै.