स्नेअर ड्रम : विकत घ्यावा की घरी करावा?

ढोलकी किंवा ताशाबद्दल कोणी चार ओळी लिहिल्या तर आपल्या वाचकांना नवल वाटणार नाही. पण अठ्ठ्याहत्तरी गाठलेल्या माणसाने स्नेअर ड्रमवर लेख लिहावा हे जरा चमत्कारिक दिसेल. म्हणून आधी खुलासा करतो. ड्रम वाजवते ती माझी नात. वय वर्षे सोळा. माझा संबंध फक्त लाकडाशी. मुंबईत माझगावच्या एका ओतकाम कारखान्यात मी पॅटर्नमेकर होतो, म्हणजे ओतावयाच्या वस्तूंचे लाकडी साचे करणारा. १९७१ साली इकडे आलो, अश्दोदला स्थायिक झालो आणि निवृत्त होईपर्यंत तेच काम केले.

ज्यांनी मुंबईतल्या वरातीचा बँड पाहिला आहे त्यांना गळ्यात पट्टा घालून कमरेपाशी वाजवावयाचा साइड ड्रम आठवत असेल. मेरठच्या जली कोठी भागात असले ड्रम आणि पितळी वाद्ये पिढ्यान्‌पिढ्या होत आली आहेत. स्नेअर ड्रम हा त्याचाच भाऊबंद. चौदा इंच व्यासाचे, साडेपाच-सहा इंच उंचीचे एक कडे. त्याला शेल म्हणतात. वर एक पान, खाली एक पान, आणि खालच्या पानाला घासून ताणलेल्या बारीक गुंडाळलेल्या तारा, बहुधा वीस. वर काठी पडली की आतली हवा खालच्या पानाला ढकलते, पान तारांवर आपटते आणि तो ‘तड्‌’ असा कोरडा आवाज निघतो. बाजूची खिटी खाली ओढली की तारा सुटतात आणि तोच ड्रम ‘डब्‌डब्‌’ करू लागतो. पूर्वी या तारांच्या जागी आतड्याची तात असे आणि पाने वासराच्या चामड्याची. पावसाळी हवेत चामडे सैल पडे. १९५७ च्या सुमारास अमेरिकेत प्लास्टिकची पाने बाजारात आली आणि ती कटकट संपली.

आता मूळ प्रश्न. नात ज्या ड्रमवर शिकत होती तो वस्तीच्या समाजकेंद्राचा होता आणि जूनअखेर परत करावयाचा होता. जुलैत तिच्या शाळेच्या संगीत शाखेची निवडचाचणी होती. सहा महिने शेजाऱ्यांची मुले सांभाळून तिने बाराशे शेकेल जमवले होते. तेवढ्यात एक बऱ्यापैकी तयार ड्रम येत होता. माझ्या मुलीचे म्हणणे सरळ होते : दुकानात जा, घेऊन या आणि अभ्यासाला बसा. पण नातीने कुठेतरी लाकडी पट्ट्या जोडून केलेला ड्रम ऐकला होता आणि तिच्या डोक्यात तेच बसले होते. ती मला म्हणाली, “सबा, तू गोल वस्तू करायचास ना? मग हे तुला येईल.” (ती हे हिब्रूत म्हणाली. मराठी तिला समजते, बोलताना लाजते.)

आम्ही कागदपेन्सिल घेऊन बसलो. आपल्याकडे अनेकांचा समज असा की घरी केले म्हणजे स्वस्त पडते. डब्यातल्या लोणच्याच्या बाबतीत ते खरे असेल, ड्रमच्या बाबतीत मुळीच नाही. लाकडाला फारसे पैसे पडत नाहीत. पैसे खाते ते लोखंडी सामान : दोन कडी, वर-खाली पान आवळणारे वीस स्क्रू, त्यांना धरणारे दहा लग, तारांची खिटी, तारा, दोन पाने. कारखाना हे सामान हजारांनी घेतो, आपण एक नग घेतो. शिवाय ते स्क्रू अमेरिकी मापाचे, बारा-चोवीसच्या आट्याचे. आपल्या मेट्रिक मुलुखातल्या नेहमीच्या हार्डवेअरच्या दुकानात तो आटा मिळत नाही, ड्रमचे सामान विकणाऱ्याकडूनच मागवावा लागतो. बेरीज झाली अकराशे ऐंशी. म्हणजे तिची सगळी पुंजी जाणार, आणि शेल फसला तर हातात ना ड्रम ना पैसे. मी तिला हे दोनदा सांगितले. भरपाई करीन असे मात्र सांगितले नाही. पैसे तिचे होते, निर्णय तिने घ्यावा. तिने रात्रभर विचार केला आणि सकाळी “लाकूड कधी आणायचे?” एवढेच विचारले.

शेल करण्याच्या तीन रीती आहेत. बहुतेक कारखाने पातळ थर एकावर एक चिकटवून साच्यात दाबतात, प्लायवूडसारखे. दुसरी रीत एकच फळी वाफवून वाकवण्याची. स्लिंगरलँडच्या रेडिओ किंग या नामांकित ड्रमचे शेल असे मेपलच्या एकाच फळीचे असत, आणि १८५४ पासून चालत आलेला मॅसॅच्युसेट्समधला नोबल अँड कूली कारखानाही वाकवलेल्या फळीसाठीच ओळखला जातो. घरी हे जमत नाही, फळी तडकते. तिसरी रीत पिंपाची : उभ्या पट्ट्या तिरप्या कापून वर्तुळात चिकटवावयाच्या. साच्याच्या कामात आम्ही पाइपांचे आणि ड्रमांचे (म्हणजे कारखान्यातल्या ड्रमांचे) नमुने असेच करत असू, तेव्हा ही आमच्या घरची रीत.

आम्ही बीचच्या वीस पट्ट्या घेतल्या. वर्तुळाचे ३६० अंश भागिले चाळीस, म्हणजे प्रत्येक कडेला ९ अंशांची तिरीप. कागदावर हे चौथीच्या पोरालाही येते. पण इथेच घरचे बहुतेक ड्रम बिघडतात. करवतीचा कोन पाव अंशाने चुकला तर एका पट्टीत डोळ्याला काही दिसत नाही, मात्र चाळीस कडांचे मिळून दहा अंश होतात आणि शेवटच्या सांध्यात बोट जाईल एवढी फट पडते. म्हणून आधी भंगार लाकडाच्या वीस पट्ट्या कापावयाच्या, त्या सुक्याच पट्ट्याने बांधून पाहावयाच्या, आणि उजेडाकडे धरून सांधे तपासावयाचे. नातीला हे भंगाराचे काम वेळ घालवणे वाटले. मी तिला विचारले, “ड्रमवर नुसती एक-दोन-तीन-चार का मारत बसतेस तासन्‌तास?” त्यावर ती काही बोलली नाही आणि पट्ट्या मोजू लागली.

दर पट्टीची बाहेरची रुंदी ५७ मिलिमीटर, जाडी २०. पांढरा सरस लावला (मुंबईत आपण कुठल्याही पांढऱ्या सरसाला फेव्हिकॉलच म्हणतो), ट्रकवाले माल बांधतात तसल्या पट्ट्यांनी आवळले आणि दोन दिवस हात लावला नाही. मग जवळच्या मोशावात एका ओळखीच्या कारागिराच्या लेथवर ते वीसकोनी कडे गोल केले. कडे लेथच्या तबकडीवर धरावयाचे कसे, हा नेहमीचा पेच. आमच्या धंद्यातली जुनी युक्ती अशी, की लाकूड आणि तबकडी यांच्यामध्ये कागद ठेवून चिकटवावयाचे. काम झाल्यावर पटाशी लावली की कागद दुभंगतो आणि लाकूड शाबूत सुटते. कारागीर तिशीतला, त्याने हे पाहिले नव्हते. त्याने कागदाचा तो फाटका गोल भिंतीला लावून ठेवला. शेलचा बाहेरचा व्यास ३५२ मिलिमीटर ठेवला. चौदा इंच म्हणजे खरे तर ३५६, पण पान वरून सहज बसावे म्हणून शेल थोडा लहान लागतो. जाडी उरली ११.

स्क्रूंच्या दहा जागांसाठी तिने मोबाइलवर काही गणित मांडले. मी कागदाची पट्टी शेलभोवती गुंडाळली, जिथे टोके जुळली तिथे कापली आणि तिचे दहा भाग केले. दर भाग ११०.६ मिलिमीटर. तिचे गणितही तेच आले. दोघेही खूष.

खरा आवाज मात्र या सगळ्यात नसतो, तो असतो कडेत. पान ज्या धारेवर टेकते ती धार ४५ अंशांत उतरवलेली आणि सर्वत्र एका पातळीत हवी. आम्ही खिडकीच्या जाड काचेवर शेल उपडा ठेवला, आत दिवा लावला, खोलीत अंधार केला. जिथून उजेडाची रेघ बाहेर येते तिथे काच आणि धार यांत अंतर. मग काचेला काचकागद चिकटवून शेल हलकेच फिरवावयाचा, पुन्हा दिवा. हे तीन संध्याकाळी चालले. माझी बोटे आता थरथरतात, धारेचे काम मला जमणारे नव्हते. मी खुर्चीवर बसून बोलत होतो, हात तिचे होते. खालच्या धारेवर तारा जिथून जातात तिथे समोरासमोर दोन उथळ बशा कोरावयाच्या, जेमतेम मिलिमीटर-दीड मिलिमीटर खोल, म्हणजे तारा पानाला सपाट टेकतात. खोल झाल्या तर पान सुरकुतते, आणि खालचे पान किती पातळ? वरच्या नेहमीच्या पानाची जाडी पाव मिलिमीटर, खालच्याची त्याच्या तिसऱ्या हिश्श्याहूनही कमी. कोरताना ती श्वास रोखून धरत असे. तिला कानसच दिली, पटाशी दिली नाही. कानशीने चुकायला वेळ लागतो.

आता तयार ड्रमची बाजूही मांडली पाहिजे, नाहीतर हा लेख सुताराची फुशारकी ठरेल. लडविगचा सुप्राफोनिक हा धातूचा ड्रम १९६० च्या दशकापासून आहे आणि आजही वादक तो शोधत फिरतात. १९६४ साली बीटल्स अमेरिकेच्या टेलिव्हिजनवर दिसले आणि त्यांच्या ड्रमवरचे लडविग हे नाव घराघरांत पोहोचले. त्या कारखान्याने शेकडो शेल करून जे शिकले ते आपल्याला एका उन्हाळ्यात येत नाही. तयार ड्रम आज घेतला, आज वाजवला, आवडला नाही तर विकला. घरी केलेल्याला बाजारात किंमत नाही. ज्याला नुसते वाजवावयाचे आहे, आणि ज्याचा हा पहिलाच ड्रम आहे, त्याने दुकानात जावे असे माझे स्पष्ट मत आहे. पहिल्या ड्रमवर आवाज ऐकायला कान तयार होतात. आपल्याला कोणता आवाज हवा हेच ठाऊक नसेल तर लाकडाची जाडी कशी ठरवणार? माझ्या नातीने दोन वर्षे केंद्राचा ड्रम बडवला होता, म्हणून तिला ठरवता आले.

जूनच्या शेवटच्या आठवड्यात ड्रम उभा राहिला. पहिल्या दिवशी आवाज डब्यासारखा. तिचा चेहरा पडला. तिने पाने सोडली, पुन्हा समोरासमोरचे स्क्रू जोडीजोडीने आवळत आणली, दर स्क्रूपाशी काठीने हळूच टकटक करून सूर जुळवला, खालचे पान वरच्यापेक्षा चढे ठेवले, तारा अर्धा फेरा सैल केल्या. रात्री दहाला, शेजाऱ्यांच्या दृष्टीने नको त्या वेळी, तो बोलला. आवाज धातूच्या ड्रमाइतका कडक नाही, थोडा जाडसर, आणि हलक्या काठीलाही उत्तर देणारा. तिची आई अभ्यासाचे बोलायला खोलीत आली होती, ती दाराशी उभी राहून ऐकत राहिली.

निवडचाचणीत तिची निवड झाली. परीक्षकांनी ड्रमबद्दल काहीच विचारले नाही, याचा तिला जरा राग आला. पुढे हिवाळ्यात तिने गल्लीतल्या तालमींसाठी एक जुना पत्र्याचा ड्रमही घेतला, कारण लाकडाचा पावसात न्यायला मन होईना. तेही शहाणपणाचेच.

आता ती बावीस इंची बेस ड्रमचे विचारते आहे. वीस पट्ट्या तिथे पुरणार नाहीत, तीस लागतील, म्हणजे ६ अंशांची तिरीप आणि साठ कडा. मी तिला म्हटले, आधी भंगाराच्या तीस काप. गेल्या शुक्रवारी सकाळी बाल्कनीतून करवतीचा आवाज येत होता.